तांब्याची खाण कोणाची

खूप जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते मला सांगणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. एक राज्य होते आणि त्या राज्याच्या उत्तरेला एक बोडका डोंगर होता. त्याच्या माथ्यावर गवतही धड उगवत नसे, पण त्याच्या पोटात तांबे होते. घरोघरच्या घागरी, देवळांतल्या घंटा, वैद्यांचे खलबत्ते, सारे त्या डोंगरातून येई.

डोंगर राजाचा, पण खाण चालवायचा मल्लशेट नावाचा व्यापारी. राजाच्या वडिलांनी त्याला ती तीस वर्षांच्या मुदतीने दिली होती. मल्लशेट हुशार होता. कोणत्या बंदरात कधी तांबे न्यावे, कोणत्या कासाराला कसले तांबे लागते, हे त्याच्याइतके कोणाला कळत नसे.

खाणीत शंभर-सव्वाशे माणसे उतरत. पुरुष छिन्नी-हातोड्याने दगड फोडत, बायका तो टोपल्यांत भरून बाहेर आणत. डोंगर आतून पोखरताना एक नियम पाळावा लागतो. मधे मधे दगडाचे जाड खांब तसेच सोडून द्यायचे, कारण वरच्या डोंगराचे सगळे ओझे त्यांच्यावर असते. अडचण अशी, की त्या खांबांतही तांबे असते, आणि तेही अगदी हाताशी. दूर आत जाऊन नवा दगड फोडण्यापेक्षा जवळचा खांब तासणे कितीतरी सोपे.

त्या खाणीत ठकूबाई नावाची एक बाई होती. खांब राखणे हे तिचे काम. तिच्या आधी तिचे वडील तेच करत. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी ती एकटी आत जाई. हातात लोखंडी टोकाची काठी असे. प्रत्येक खांबावर, छतावर ती काठी आपटायची आणि कान देऊन ऐकायची. दगड खणखणीत वाजला तर माणसे आत जात. बद्द वाजला तर लाकडी टेकू लागेपर्यंत तिथे कोणी पाऊल टाकत नसे.

निदान तिच्या वडिलांच्या वेळी तसे होते. पुढे मल्लशेटचे मुकादम म्हणू लागले, "बाई, तुझं ऐकत बसलो तर वर्षातले दोन महिने नुसते टेकूच लावावे लागतील." ठकूबाई भांडली की तिची त्या दिवसाची मजुरी बुडे. ती तरीही भांडे. मग एका सकाळी, तिने नको म्हटलेल्या जागी, छताचा एक मोठा तुकडा निखळला आणि दोन माणसे त्याखाली गेली.

ही बातमी दहाव्या दिवशी राजाच्या कानावर गेली. राजा तरुण होता, मनाने चांगला होता. त्या रात्री तो जेवला नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याने दरबार भरवला. प्रश्न एकच होता. ही खाण शेटकडे ठेवायची, की राज्याने आपल्या हातात घ्यायची?

प्रधान म्हणाला, "महाराज, डोंगर प्रजेचा, तांबं प्रजेचं, आणि मेली तीही प्रजाच. मग लाभ तेवढा एकट्या शेटचा का? शेटला घाई असते, कारण त्याला आपली तिजोरी भरायची असते. राज्याला कसली घाई? खाण ताब्यात घ्या."

अमात्य म्हणाला, "महाराज, दोन वर्षांपूर्वी आपण नदीवरची होडी सरकारी केली. आता नावाडी जेवून, पान खाऊन, डुलकी काढून मग होडी सोडतो. पलीकडच्या गावातले लोक पोहायला शिकलेत. खाण चालवणं हे जाणकाराचं काम आहे. शेटला तंबी द्या, मुदत वाढवून द्या, तो सुधारेल."

सगळा दरबार हसला. प्रधान हसला नाही. तो म्हणाला, "होडीला उशीर होतो, पण त्यात माणसं बुडालेली नाहीत."

असे तीन दिवस चालले. दोघेही विद्वान होते आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. मात्र दोघांपैकी एकानेही ती खाण पाहिली नव्हती.

डोंगराखालच्या गावातही हाच वाद पेटला होता. अर्धे गाव म्हणे, राजा मालक झाला की आपले दिवस पालटतील. उरलेले म्हणत, शेट निदान ओळखीचा आहे, राजधानीतून येणारा माणूस कसा निघेल कोण जाणे. ठकूबाईची भाची सगुणा राजाच्या बाजूची होती. आईबाप लहानपणी गेल्यापासून ठकूबाईनेच तिला वाढवले होते.

"मावशी, तू कोणाच्या बाजूची?" सगुणाने विचारले.

"मी खांबांच्या बाजूची," ठकूबाई म्हणाली. पारावर बसलेले लोक हसले. तिने ते गमतीने म्हटले नव्हते.

चौथ्या दिवशी राजाने निर्णय दिला. मल्लशेटच्या मुदतीचे चार महिने उरले होते. ते संपताच खाण राज्याची व्हायची होती.

ते चार महिने खाणीचा पश्चिमेकडचा बोगदा ठकूबाईला बंद होता. वाटेवर फळ्या ठोकल्या होत्या. "तिकडे काम नाही," एवढेच तिला सांगण्यात आले. आतून हातोड्यांचे आवाज येत होते. काम करणारी माणसेही परगावची आणली होती.

मुदत संपली. खाणीच्या तोंडावर राजाचे निशाण लागले. गावाने गूळ वाटला, ढोल वाजवले, आणि सगुणा तर दमून बसेपर्यंत नाचली. राजाने कारभारी म्हणून त्रिंबकपंत नावाचा एक अधिकारी धाडला. पंत सज्जन होता. लाच घेत नव्हता, कोणाला अपशब्द बोलत नव्हता. त्याने मजुरी वाढवली, आठवड्यातून एक दिवस सुटी दिली. गावाला वाटले, आता सुखाचे दिवस आले.

राजाने त्याच आनंदात दवंडी पिटवली होती, की वर्षाच्या आत राज्यातल्या प्रत्येक गावाला तांब्याचा एक मोठा हंडा मिळेल. गावजेवणाला, लग्नकार्याला, दुष्काळात चुलीवर चढवायला. हेतू किती चांगला होता पहा. पण राज्यात सातशे गावे होती, आणि एवढे तांबे वर्षात काढायचे तर खाणीच्या प्रत्येक कोपऱ्यात माणसे लावावी लागणार होती. पंताने पश्चिमेकडच्या फळ्या काढल्या.

ठकूबाई त्या बोगद्यात पहिल्यांदा गेली तेव्हा समोर जाडजूड खांब उभे होते. तिने पहिल्यावर काठी आपटली. बद्द. दुसऱ्यावर आपटली. बद्द. एकामागून एक ती नऊ खांबांपाशी गेली, आणि बाहेर येऊन तिने तडक पंताला गाठले.

"पंत, पश्चिमेला माणसं नेऊ नका," ती म्हणाली. "तिथले खांब खोटे आहेत."

पंत दिवा घेऊन तिच्याबरोबर तोंडापर्यंत आला आणि त्याने आत डोकावून पाहिले. "खांब तर चांगले धडधाकट दिसतात."

"दिसतात. वाजत नाहीत."

पंताने विचार केला. तो कागद वाचणारा माणूस होता, त्याला दगडाचा आवाज कळत नव्हता. पण तो उद्धटही नव्हता. त्याने राजधानीला पत्र लिहिले. विसाव्या दिवशी उत्तर आले. पाहणीसाठी जाणकार माणूस पाठवू, तोवर हंड्यांचे काम थांबू नये.

"बाई, मी तरी काय करू?" पंत म्हणाला. "वरून हुकूम आहे. आणि आता ही खाण काही परक्याची नाही, आपलीच आहे. आपलंच घर कोणी पाडून घेईल का?"

"पंत, घर आपलं असलं म्हणून छत पडायचं थांबत नाही."

पंताने राजधानीचे पत्र पुन्हा एकदा वाचले. त्याने माणसे पश्चिमेला लावली.

ठकूबाईने मग गावात घरोघर जाऊन सांगितले. पण आता वेगळीच अडचण होती. पूर्वी शेटविरुद्ध बोलले की लोक निदान गुपचूप माना डोलवत. आता राजाच्या खाणीविरुद्ध बोलणे म्हणजे आपल्याच सुखाला नाट लावणे, असे त्यांना वाटे. सगुणा तिला म्हणाली, "मावशी, शेट होता तेव्हा तू नाही म्हणत होतीस. राजा आला तरी नाहीच म्हणतेस. तुला नक्की हवंय तरी काय?"

ठकूबाईला ते बोलणे फार लागले. त्या दिवशी तिला भाकरी गोड लागली नाही.

राजधानीचा जाणकार काही आला नाही. शंभरावा हंडा मात्र तयार झाला, आणि तो पाहायला राजा स्वतः येणार असे ठरले. त्या सकाळी ठकूबाई पश्चिमेच्या बोगद्यात जाऊन आली. छतातून बारीक माती गळत होती. एका खांबाला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती. तिने आरडाओरडा केला नाही. ती बाहेर येऊन खाणीच्या तोंडातच मांडी घालून बसली. लोक तिला वळसा घालून आत गेले. सगुणाही टोपली घेऊन गेली, जाताना तिने मावशीकडे पाहिले नाही.

शिपाई म्हणाले, "बाई, ऊठ. राजाच्या कामात आडवं येणं म्हणजे राजद्रोह."

"मग तसं लिहा," ती म्हणाली, "पण मला इथून हलवू नका."

तेवढ्यात राजाची पालखी आली. बरोबर प्रधान होता, अमात्य होता, आणि अमात्याच्या मागे, भरजरी पागोटे घालून, मल्लशेटही होता. खाण पुन्हा आपल्याला मिळावी अशी गळ घालायला तो आला होता.

"ही बाई इथे का बसली आहे?" राजाने विचारले.

पंताने घडले ते खरे खरे सांगितले. ते संपायच्या आत अमात्य म्हणाला, "पाहिलंत महाराज? सरकारी झाली तरी तक्रार आहेच." प्रधान म्हणाला, "हिला कोणीतरी फितवलं असणार. शेटची माणसं अजून गावात आहेत." आणि तीन दिवस दरबारात चाललेला वाद त्या दोघांनी तिथे उन्हात पुन्हा सुरू केला.

ठकूबाई उठून उभी राहिली. तिने राजाला हात जोडले.

"महाराज, खाण कोणाची ते मला कळत नाही. मला एवढंच विचारायचं आहे. शेट असताना मी थांबा म्हटलं तर माझी मजुरी बुडायची. आता थांबा म्हटलं तर राजद्रोह होतो. मग मी थांबा म्हटलं तर थांबणार कोण?"

राजाने प्रधान आणि अमात्य यांना हातानेच थांबवले. मग त्याने डोक्यावरचा मंदील काढून सेवकाच्या हातात दिला, जोडे काढले आणि म्हणाला, "चल बाई. मी आत येऊन पाहतो."

तो दोन पावले चालला असेल नसेल, मागून आवाज आला. "महाराज, उतरू नका."

मल्लशेट बोलत होता.

"का?" राजाने विचारले.

मल्लशेटने खाली मान घातली. "त्या बोगद्यातले खांब मी आतून पोखरलेत. त्यांत दगडगोटे भरून वरून चिखलाने लिंपून घेतलंय. मुदत संपत आली होती, महाराज. ज्या घरातून उद्या निघायचं, त्याचं छत कोण शाकारतं?"

"आणि आत माणसं आहेत हे तुला माहीत होतं?"

"मला वाटलं, सरकारी काम आहे. वर्षभर कोणी तिकडे फिरकणारच नाही."

अमात्याने ते ऐकून डोळे मिटून घेतले. राजा काही बोलण्याआधी त्रिंबकपंताने शिपायाच्या हातातला दिवा ओढून घेतला. "माझ्या हुकमाने गेली आहेत ती," तो म्हणाला, "मी सांगितल्याशिवाय येणार नाहीत." तो आत धावला. त्याच्या पुढे ठकूबाई होती.

राजाही निघाला होता, पण प्रधानाने त्याचा हात घट्ट धरला. दोघे तोंडाशी उभे राहिले. पूर्वेकडची माणसे आधी बाहेर येऊ लागली. राजा मोठ्याने मोजत होता. वीस, चाळीस, पंचाहत्तर.

आत, पश्चिमेच्या बोगद्यात, पंताने पहिल्या खांबापाशी ठकूबाईची काठी मागून घेतली आणि स्वतः आपटली. तो आवाज आयुष्यात पहिल्यांदा त्याने नीट ऐकला. तडा गेलेल्या माठावर बोट मारल्यासारखा. "बाई, तुम्ही रोज हे ऐकत होतात," एवढेच तो म्हणाला.

पुढे माणसे भेटली. ठकूबाई म्हणाली, "चला बाहेर," तर ती चुळबुळ करू लागली. पण मागून खुद्द कारभारी, धुळीने माखलेला, "अवजारं टाका, हंडे गेले खड्ड्यात, चला," असे म्हणत आलेला पाहून त्यांनी छिन्न्या टाकल्या आणि धूम ठोकली.

शेवटच्या टोकाला अकरा जण उरले होते. हातोड्यांच्या आवाजात त्यांना काही ऐकू जात नव्हते. सगुणा तिथे टोपली भरत वाकली होती. खांद्यावर हात पडला म्हणून तिने मागे पाहिले, तर मावशी. मावशीचे डोळे पाहून तिने काही विचारले नाही. टोपली तिथेच टाकली.

बोगदा कुरकुरू लागला होता. वरून खडे पडत होते. ठकूबाईने एकेकाला पुढे ढकलले. वाटेत जिथे छत खाली झुकले होते, तिथे पंत पाठ टेकवून, दिवा उंच धरून उभा राहिला आणि प्रत्येकाला वाकून जायला सांगत होता.

बाहेर राजाची मोजदाद एकशे सातवर अडली होती. गावातल्या बायका ओळीने उभ्या होत्या. मग धुळीतून एकजण आला. मग तिघे. मग सहा जण. मग सगुणा आली आणि तोंडाशीच थांबून मागे वळली. तिला कोणी हलवू शकेना.

"एकशे अठरा," राजा म्हणाला.

मग आतून पंत आणि ठकूबाई एकमेकांना धरून बाहेर आले. ते पालखीपर्यंत पोहोचले असतील, तोच जमीन हादरली. डोंगराच्या पोटातून लांब गडगडाट आला, आणि खाणीच्या तोंडातून धुळीचा असा लोट निघाला की काही वेळ शेजारचा माणूसही दिसेना.

धूळ बसली. प्रत्येक घरातले माणूस बाहेर होते.

राजा होता तिथेच जमिनीवर बसला. कोणीतरी पाणी आणले, तेही त्याने आधी पंताला दिले. सगुणा मावशीच्या गळ्यात पडून रडत होती. "मी तुला काय काय बोलले," ती म्हणत होती. ठकूबाई तिच्या केसांतली माती झटकत म्हणाली, "बोललीस ते बोललीस. आलीस ना बाहेर." एवढ्यावर सगळ्यांचा धीर सुटला. लोक रडू लागले, आणि रडता रडता हसू लागले. प्रधान आणि अमात्य एकमेकांना मिठी मारून उभे होते. ते कसे झाले, हे पुढे दोघांनाही आठवेना.

मल्लशेट एका दगडावर एकटाच बसला होता. राजा त्याच्याजवळ गेला. "खाण सोपवतानाच बोलला असतास, तर तुझा सत्कार केला असता," तो म्हणाला. "आज बोललास, म्हणून तुझं शिर धडावर आहे." मल्लशेटला पुन्हा कधी खाण मिळाली नाही. आधी गेलेल्या त्या दोन माणसांच्या घरांचा सगळा भार त्याने उचलायचा, असे ठरले. त्याने तो जन्मभर उचलला, आणि हळूहळू त्या घरांतली माणसे त्याच्याशी बोलूही लागली.

राजधानीला परतल्यावर अमात्याने विचारले, "महाराज, मग खाण दुसऱ्या एखाद्या भल्या व्यापाऱ्याला द्यायची का?" प्रधानाने विचारले, "की आणखी दहा अधिकारी नेमायचे?"

राजा म्हणाला, "खाण राज्याचीच राहील. पण आपण तिघेही एका गोष्टीत चुकलो. मालक कोण, एवढंच आपण ठरवलं आणि झोपी गेलो."

त्याने नवा कायदा केला. खांब राखणारा माणूस राजाने नेमायचा नाही, आत उतरणाऱ्यांनीच निवडायचा. त्याने थांबा म्हटले की काम थांबेल, आणि तो शब्द मोडण्याचा अधिकार कारभाऱ्याला नाही, प्रधानाला नाही, राजालाही नाही. आणि कारभाऱ्याने रोज सकाळी पहिल्या टोळीबरोबर स्वतः आत उतरायचे. त्रिंबकपंताने हे शेवटचे कलम आपणहून मागून घेतले होते.

लोकांनी ठकूबाईला एकमताने निवडले. पहिल्याच महिन्यात तिने सहा वेळा काम थांबवले. कोणी कुरकुर केली नाही. लोक सावलीला बसत, चणे-फुटाणे खात आणि टेकू लागायची वाट पाहत.

सातशे हंडे एका वर्षात झाले नाहीत. तीन वर्षे लागली. दूरच्या काही गावांनी सुरुवातीला नाके मुरडली, पण उशिराने आलेल्या हंड्यात शिजलेला भात तेवढाच चविष्ट लागला. आणि त्या तीन वर्षांत, आणि पुढेही कित्येक वर्षे, सकाळी खाणीत गेलेले प्रत्येक माणूस संध्याकाळी घरी जेवायला आले.

तात्पर्य: धन शेटच्या हाती असो की राजाच्या, ज्याच्या डोक्यावर छत कोसळणार त्याच्या "थांबा" या शब्दाला मान असेल, तरच ते सर्वांचे होते.